मऊ पेडल आणि वामनभाऊंची वरात

ही फजिती मीच सांगून टाकतो बुवा! वामनभाऊंच्या तोंडून ऐकाल, तर त्यात जीपची आणखी दोन चाकं निखळलेली असतील.

चंद्रपुरात माझं गॅरेज आहे. ब्रेकच्या कामात गफ्फारचा हात कोणी धरू शकत नाही, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे बहुतेक वेळा मीच. पेडलवर नुसता पाय ठेवला की गाडीचं दुखणं सांगतो, असा माझा रुबाब. आणि त्याच पायानं माझा घात केला ना!

त्या दिवशी सकाळीच पोंभुर्ण्याचे वामनभाऊ जीप घेऊन हजर. जुनं गिऱ्हाईक, धानाची शेती, आणि त्याच संध्याकाळी पोराचं लग्न. जीपमध्ये मागे झेंडूच्या पाट्या ठासून भरलेल्या.

"गफ्फारभाऊ, दुपारी वरात निंगते. याच जीपमंदी नवरदेव बसनार हाय. ब्रेक एकडाव पाहून दे बा."

मी बसलो, पेडल दाबलं. अरे बापरे! गादीत पाय रुतावा तसं आत गेलं.

"भाऊ, पायडल मऊ झालं! अशी गाडी घेऊन आले कसे तुम्ही?"

"मले त कडक लागते."

"तुमच्या पायाले सवय झाली."

खाली वाकून बघतो, तर मागच्या डाव्या चाकावर तेलाचा ओघळ! आता आणखी काय पुरावा पाहिजे? पेडल मऊ, चाक ओलं, म्हणजे चाकातला ब्रेकचा सिलिंडर गळतोय. बॉनेट उघडलं, तर ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ. गळती असती तर ऑइल कमी झालं नसतं का, असं तुम्ही विचाराल. मी नाही विचारलं! म्हटलं, यांनी घरून भरून आणलं असणार.

चाक काढलं, ड्रम उघडला. आत कोरडं ठणठणीत! तरी हट्टानं सिलिंडरची रबरं बदलली. मग ड्रम लावून, वामनभाऊंना पेडल मारायला बसवून ब्रेकच्या लाइनमधली हवा काढली.

"कडक हाय गा!" ते वरून ओरडले.

मी चढून दाबलं. मऊ!

हात धुवायला गेलो, तर तेल निघता निघेना. ब्रेक ऑइल पाण्यानं धुतलं जातं, हे मीच जगाला शिकवतो. पण माझ्या डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ! उलट मी साबणाला शिव्या घातल्या.

तिकडून नवरदेवाचे फोनवर फोन. "बाबा, बँडवाले येऊन बसले, जीप कुठी हाय?" वामनभाऊंचा चेहराच उतरला. घरी पोराची वरात आणि बाप गॅरेजात! मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "माझी गाडी न्या." खात्री करावी म्हणून तिचं पेडल दाबलं.

तेही मऊ!

शेजारी रंगायला आलेली टॅक्सी उभी होती. तिचं दाबलं. तेही मऊ!

"वामनभाऊ, उन्हानं साऱ्या गावाचे ब्रेक वितळून राह्यले!"

"मंग वरात बैलबंडीनं नेऊ काय?" ते भडकले आणि रागारागानं फुलांच्या पाट्या उतरवायला लागले. शेवटच्या पाटीखाली एक डबा आडवा पडलेला. झाकण सैल, तेल अर्धं.

"अरे देवा! तुहं तेल सांडलं ना गा!"

"माझं?"

"टोरीचं तेल, मोहाच्या बियांचं! टाच दुखते म्हनत होता ना तू? चोळाले आनलं होतं तुह्यासाठी."

म्हणजे ज्या गळतीपायी मी जीपचं चाक उतरवलं, ती माझ्याच टाचेची औषधी होती! बरं, तेलाचं समजलं. पण पेडल का मऊ? मी पुन्हा जीपमध्ये चढून दाबत बसलो.

तेवढ्यात माझी बायको शबाना जेवणाचा डबा घेऊन आली. तिनं माझ्या पायाकडे बघून कपाळावर हात मारला.

"पहले वो चप्पल तो उतारो!"

मी खाली पाहिलं. टाच दुखते म्हणून तिनंच आदल्या संध्याकाळी आणलेली नवी चप्पल! तळवा दोन बोटं जाड आणि पावासारखा मऊ. काढली. अनवाणी पायानं पेडल दाबलं.

कडक! माझ्या गाडीचं कडक, टॅक्सीचंही कडक. साऱ्या गावाचे ब्रेक एका झटक्यात दुरुस्त!

वामनभाऊ पाट्यांशेजारी बसून असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मी चाक बसवलं, पाट्या चढवल्या. वामनभाऊंनी मलाही पोंभुर्ण्याला ओढून नेलं आणि वरात वेळेवर निघाली. फक्त जीपमध्ये बसताना नवरदेवानं दोनदा विचारलं, "गफ्फारचाचा, चप्पल कोनती घातली?" अख्खी वरात हसली, मीही हसलो. दुसरं करणार तरी काय?

लग्नानंतर वामनभाऊंनी तेलाचा नवा डबा पाठवला. त्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "हे गाडीचं नाई. मेकॅनिकले लावाचं हाय."