एनारच्या शेतावरचा पाऊस

कालिनो गावाच्या मुलखात उंच म्हणाव्यात अशा तीनच गोष्टी: धान्याचं कोठार, चर्चचा घुमट आणि एनार लोकेन. बाकी सगळं सपाट. इतकं सपाट, की कुणाच्या घरी पाहुणा निघाला तर त्याच्या गाडीची धूळ आधी दिसते, मग चहाचं आधण ठेवलं तरी चालतं. अशा मुलखात खोड्या काढायच्या म्हणजे लपायला झाड नाही की टेकडी नाही. तरीही पारास्का ह्नातिऊक या बाईने नवी नवरी होऊन आली तेव्हापासून ती विद्या जिवंत ठेवली होती.

पहिल्याच हिवाळ्यात तिने सासऱ्याच्या बुटांत पाणी भरून ते ओसरीवर ठेवले होते. सकाळी बुटांच्या आत बर्फाचे दोन पाय तयार. पुढे एकदा चर्चच्या मदतीसाठी लिलाव होता, त्यात तिने नवऱ्याची, वासिलची, जुनी टोपी गुपचूप ठेवली. वासिलला टोपी ओळखीची वाटली, आवडलीही, आणि त्याने चढाओढीने बोली लावून ती विकत घेतली. घरी येऊन खुंटीकडे हात नेला तेव्हा त्याला कळलं. वासिल मेला त्या वर्षी पारास्का सबंध उन्हाळा गप्प होती. मग थंडी पडता पडता तिने पाद्रीबाबांच्या गाडीत कोंबडी सोडली, आणि गावाचा जीव भांड्यात पडला.

तिचं आता सत्तरीपार वय. गुडघे कुरकुरायचे, पण गाईंचा कळप तिने सोडला नव्हता. लालभडक, पांढऱ्या तोंडाच्या गाई. एकेकीचं नाव, एकेकीचा स्वभाव तिला ठाऊक. आणि त्या वर्षी त्याच गाईंचा प्रश्न होता.

पाऊस मे महिन्यातच रुसला होता. जूनमध्ये वारा सुटला, तोही भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा. कुरणातलं गवत पायाखाली पापडासारखं मोडायचं. तळ्याचं पाणी आटून काठाला पांढरा क्षार धरला होता. नाकतोडे इतके, की त्यांनी कुंपणाच्या लाकडांचाही कोवळा भाग खाल्ला. पारास्काच्या स्वतःच्या शेतात गव्हाची रोपं वीतभर वाढली आणि तिथेच थांबली, जणू वर जाऊन काय पाहायचं असं त्यांनी ठरवलं होतं.

रस्त्यापलीकडे एनारचं शेत. एनार नॉर्वेकडच्या लोकांचा, बिनलग्नाचा, बोलायला सावकाश आणि ऐकायला त्याहून सावकाश. त्याचा जव खोलगट जमिनीत होता, म्हणून मांडीपर्यंत तरी आला होता. जूनच्या शेवटी दोघांनी कुंपणावर हातात हात देऊन ठरवलं होतं: जवात दाणा धरणार नसेल तर तो हिरवा असतानाच पारास्काने आपल्या यंत्राने कापायचा आणि गाईंसाठी त्याचे भारे बांधायचे. बदल्यात शरद ऋतूत अर्धी गाय एनारच्या फ्रीजरमध्ये. या जवावर तिचा कळप हिवाळा काढणार होता. नाहीतर ट्रक बोलावून सगळ्याजणी लिलावाच्या आवारात. तिला हे रोज सकाळी पाणी पाजताना वासरांच्या तोंडाकडे बघून आठवायचं.

आता एवढं सगळं टांगणीला लागलेलं असताना शहाण्या बाईने गप्प बसावं. पण कालिनोच्या सहकारी दुकानात मागच्या बाजूला एक टेबल होतं. रोज सकाळी शेतकरी तिथे कॉफी प्यायचे, आणि पैसे कुणी द्यायचे ते फासे टाकून ठरवायचे. त्या टेबलावर एनारने एक दिवस पाऊस मोजायची नवी नळी आणून ठेवली. काचेची, आकडे लाल.

"माझी जुनी प्लॅस्टिकची होती," तो म्हणाला. "ती कमी दाखवायची."

"अरे, काही पडेल तर कमी दाखवेल ना!" डेल्बर्ट म्हणाला. हा उत्तरेकडचा शेतकरी, तोंडाळ.

"पडेल," एनार म्हणाला. "खांब सरळ ठोकला, नळी स्वच्छ ठेवली, की पाऊस येतो. नीटनेटक्या माणसाकडे येतो."

पारास्काने कप जरा जोरातच खाली ठेवला. नीटनेटक्या माणसाकडे! तिच्या कुंपणाचे खांब वासिल गेल्यापासून वाकडे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाई सोडून येताना तिने खिशातल्या औषधाच्या बाटलीतून एनारच्या नळीत पाणी ओतलं. फार नाही. इंचाचा एक दशांश.

त्या सकाळी एनार टेबलाशी आला तो बसलाच नाही. उभ्यानेच म्हणाला, "एक दशांश."

सगळे खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर धुळीचा भोवरा दुकानाच्या पायरीवर नाचत होता.

"दव पडलं असेल," दुकानदार ओरेस्ट म्हणाला.

"एक दशांश दव?" एनार म्हणाला. "ओरेस्ट, तू दुकान सांभाळ."

पारास्काने रुमालात तोंड घातलं आणि खोकल्याचं नाटक केलं. कितीतरी दिवसांत त्या टेबलावर कुणी हसलं नव्हतं. म्हणून तिने पुन्हा ओतलं. मग पुन्हा. दोन दशांश, एकदा तर तीन. डेल्बर्ट एनारला तोंडावर खोटारडा म्हणाला, आणि एनार छाती काढून म्हणाला, "ये, नळी बघ." डेल्बर्ट गेला, बघितलं, आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही. एनार रबरी बूट घालून गावात यायला लागला. पारास्काला वाटलं, वासिल असता तर जमिनीवर लोळला असता.

मग एका सकाळी ओरेस्टने सहज विचारलं, "मावशी, जव कधी कापताय? गुरुवारी ना?"

तिच्याआधी एनार बोलला. "कापायचा नाही. एवढा पाऊस झाल्यावर दाणा भरणार. बिअरसाठी जव घेणाऱ्या माल्टवाल्यांना मी सांगून टाकलंय."

पारास्काचा घोट घशात अडकला. या वेळी खोकला खराखुरा होता.

घरी जाताना ती थेट त्याच्या शेतात उतरली. ऊन मानेवर गरम तवा ठेवल्यासारखं. जव फुलावर असताना अशी उष्णता लागली की दाणा धरत नाही, फूल तिथेच जळतं. भरलेली लोंबी मान टाकते. इथल्या सगळ्या लोंब्या ताठ उभ्या होत्या, शाळेतल्या मठ्ठ पोरांसारख्या. तिने एक तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. हातावर काहीच उरलं नाही. मात्र देठ अजून हिरवे होते, पानांत अजून रस होता. गाई हे आवडीने खातील. पण चार-पाच दिवस. त्यानंतर हा जव पिवळा पडून नुसता पेंढा होणार, आणि पेंढ्यावर गाभणी गाय हिवाळा काढत नाही.

दुसऱ्या सकाळी तिने टेबलावर फासे पडायच्या आधीच सांगून टाकलं. "एनार, ते पाणी मी ओतत होते. माझ्या गुडघ्याच्या औषधाच्या बाटलीने."

डेल्बर्टने टेबलावर थाप मारली आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "वा! काय बाई आहे! जव पाहिजे म्हणून काय काय रचते!"

"खरं सांगते रे मेल्यांनो!"

"मावशी," ओरेस्ट म्हणाला, "तुम्ही आजवर किती खोड्या काढल्या, एकदा तरी आपणहून कबूल केलंत का? आणि आजच, गाई उपाशी असताना, बरी जीभ सुटली?"

एनारने कॉफी संपवली. "पारास्का," तो हळूच म्हणाला, "मागितला असतास तर एक कोपरा कापून दिला असता. माझा पाऊस खोटा पाडायची गरज नव्हती."

माझा पाऊस! पारास्का घरी आली आणि स्वयंपाकघरात फेऱ्या मारायला लागली. जन्मभर ती खोटं बोलली आणि लोकांनी विश्वास ठेवला. आता खरं बोलली तर कुणी ऐकेना. याला काय म्हणावं! चुलीवर आदल्या दिवशीच्या बोर्श्चचं पातेलं होतं. बिटाचं लालबुंद सार, वर शेपू तरंगणारा. ती पातेल्याकडे बघत राहिली. मग तिच्या गालावर, कितीतरी दिवसांनी, ती जुनी खळी पडली.

सकाळी एनार चहाचा मग घेऊन नळीपाशी आला तेव्हा पारास्का खांबाला टेकून उभी होती. ती लपली नव्हती. नळी काठोकाठ लाल होती. तळाशी बिटाचे तुकडे, वर शेपू, आणि मधोमध क्रीमचा एक पांढरा ढग, आपला आपण फिरणारा.

एनारने वाकून पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. मग करंगळी बुडवून चाटली.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"घाईत केलं."

तो मागच्या पायरीवर जाऊन बसला. एवढा उंच माणूस, बसला की घडी केल्यासारखा दिसायचा. वारा जवातून सळसळत गेला, कोरडा, कागदासारखा.

"जमीन ओली लागत नव्हती," शेवटी तो म्हणाला. "मी बोट खुपसून बघितलं होतं. रोज. वाटलं, माझी जमीन तहानलेली, पटकन पीत असेल."

पारास्का खांबापासून सरकून पायरीपाशी आली. ती नुसतं म्हणाली, "एनार, लोंब्या बघ. एक चोळून बघ."

"बघितल्यात. जा तू घरी."

ती गेली. तिला वाटलं, संपलं. तिने ट्रकवाल्याचा नंबर शोधून टेलिफोनपाशी ठेवला, पण फिरवला नाही. गोठ्यात जाऊन उगाच गाईंच्या कपाळावर खाजवत बसली. खोडकर माणसाला आपल्या खोडीचं ओझं कसं लागतं ते त्या दुपारी तिला कळलं, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही.

संध्याकाळी एनारच्या पिकअपची धूळ निघाली. ती तिच्याच फाटकाशी थांबली. तो उतरला नाही, काच खाली करून बोलला.

"जव घे. सगळा."

"एनार..."

"थांब. एक अट आहे. उद्या टेबलावर तू सांगायचं की काल तू खोटं बोललीस. पाऊस खरा होता."

"म्हणजे मी खरं बोलले ते खोटं होतं असं खोटं सांगायचं?"

"तुला जमेल," एनार म्हणाला. "आणि मग कुणाला कधीच सांगायचं नाही. मरेपर्यंत."

पारास्काने फाटक धरलं. आयुष्यातली सर्वांत मोठी खोडी! नळीत बोर्श्च! आणि ती कुणालाही सांगायची नाही! तिच्या जिवाचा तुकडा तोडल्यासारखं झालं. तिने मागे वळून गोठ्याकडे बघितलं. एक वासरू कुंपणाची तार चाटत होतं.

"बरं," ती म्हणाली. "पण पाऊस झाला तर मग जव का कापतोस, असं विचारतील."

एनारने विचार केला. त्याला वेळ लागला. "उशिरा आला म्हणायचं. फूल आधीच जळलं होतं. पाऊस चांगला होता, पीक त्याच्या लायकीचं नव्हतं."

पारास्काने त्याच्याकडे नव्या नजरेने पाहिलं. इतकी वर्षं रस्त्यापलीकडे राहून हा माणूस असं बोलू शकतो हे तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तिने टेबलाशी बसून मान खाली घातली. "परवा मी खोटं बोलले. जवाच्या लोभाने. देव क्षमा करो."

"माहीतच होतं!" ओरेस्ट म्हणाला.

डेल्बर्टला मात्र चैन पडेना. "मग तुझ्या शेतात का नाही पडला? मधे फक्त रस्ता आहे."

एनारने कपात पाहिलं. पारास्काने एक श्वास घेतला, आणि एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबवणं कुणाच्या हातात होतं?

"रस्त्यावर थांबला रे! बरोब्बर मधोमध. मी फाटकात उभी होते. पश्चिमेकडून काळा ढग आला, गुरगुरला, आणि एनारच्या बाजूला धो धो. माझ्या बाजूला एक थेंब नाही. मी हात लांब केला तर बोटं भिजली, कोपर कोरडं."

"काय सांगतेस!"

"तीन दशांश," एनार म्हणाला.

"चार," पारास्का म्हणाली. "तुझी नळी कमी दाखवते."

एनारने तिच्याकडे बघितलं, पण बोलायची सोय नव्हती. फासे पडले, तो हरला, सगळ्यांची कॉफी त्याच्या माथी आली.

दुपारी पारास्काचं यंत्र एनारच्या शेतात शिरलं. जवाचे हिरवे पट्टे मागे आडवे पडत गेले, आणि त्यांचा ओला वास, त्या सबंध उन्हाळ्यातला पहिला ओला वास, गोठ्यापर्यंत पोचला. गाई कुंपणाशी येऊन रांगेत उभ्या राहिल्या. एनार फाटकाशी टोपी मागे सारून उभा होता.

तेवढ्यात रस्त्यावर डेल्बर्टची गाडी थांबली. तो उतरला. आधी इकडच्या बाजूला बसून धूळ चिमटीत घेतली, मग चार पावलं जाऊन तिकडच्या बाजूची. दोन्ही चिमट्या डोळ्यांपाशी नेल्या.

"थोडं डावीकडे!" पारास्काने यंत्रावरून ओरडून सांगितलं. "तिथपर्यंत आला होता!"

डेल्बर्ट डावीकडे सरकला, पुन्हा वाकला, आणि बऱ्याच वेळाने मान हलवून म्हणाला, "हो. इथे जरा मऊ लागतंय खरं."