उणे तीन सुरुंग

इतकी वर्षे झाली, पण त्या खाणीवरची दुपार मनातून जात नाही. मी मालवण भागात नवा फौजदार होतो.

खबर एका कोळणीने आणली. "साहेबानु, खाडयेत सुरुंग फोडून मासे मारतत. माझ्या भावाचो हात गेलो." भावाचा जबाब घेतला. जिलेटिनची एक कांडी पाण्यात फुटली, दुसरी हातात. त्या कोणी दिल्या, ते तो सांगेना. होडीत सापडलेल्या कागदावर रस्त्याच्या कामावरील दगडखाणीचा शिक्का होता.

खाणीवरच्या गोदामाची चावी म्हाताऱ्या राखणदाराकडे असे. साठा नोंदीशी जुळत होता, पण वही तोच लिही. मुकादम म्हणाला, "त्या दिवशी चोवीस कांड्या घेतल्या, सगळ्या उडवल्या. कड्यात पाडलेल्या मोठ्या भोकात तीन, छोट्यात दोन. सहा मोठी, तीन छोटी." मी हिशोब केला. चोवीस बरोबर आले. राखणदाराला कोठडीत टाकले.

"मिया एक कांडी हलवूक नाय, साहेबानु," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मी त्याच्यावर हात उगारला. तरी जबाब तोच.

तिसऱ्या दिवशी खाणीवर पंचनामा ठेवला. पंचांपैकी एक शाळेतले गणिताचे मास्तर. मुकादमाचा जबाब ऐकून ते म्हणाले, "चार मोठी आणि सहा छोटी धरली तरी चोवीसच होतात. आठ मोठी आणि छोटे एकही नाही, तरी चोवीस. अज्ञात दोन आणि समीकरण एकच असेल, तर उत्तरे अनेक निघतात. एकूण भोके किती, ते कुठे लिहिलेय?"

लिहिलेले नव्हते. पण प्रत्येक भोकाला एक स्फोटक टोपी लागते, आणि टोप्या ओव्हरसियरच्या कुलपात असत. त्याच्या वहीत त्या दिवशीच्या टोप्या होत्या सात.

मास्तरांनी कागदावर दोन ओळी मांडल्या आणि माझ्यापुढे धरल्या. "मोठी दहा, छोटी उणे तीन. उणे तीन भोके कोणी पाडली, फौजदारसाहेब? सातही मोठी धरली तरी एकवीसच कांड्या बसतात."

फुटलेल्या कड्यावर भोकांच्या अर्ध्या खोबणी राहतात. आम्ही त्या एकेक हात लावून मोजल्या. पाच मोठी, दोन छोटी. म्हणजे एकोणीस कांड्या. पाच गायब. दोन खाडीत फुटल्या होत्या.

"उरलेल्या तीन कुठे आहेत?" मी मुकादमाला विचारले.

खोटे बोलणारा माणूस प्रश्न विचारणाऱ्याकडे टक लावून पाहतो, असा माझा अनुभव. हा मात्र माझ्या खांद्यावरून मागे पाहू लागला. मी वळलो. मजुरांच्या खोपटांतून धूर निघत होता. बायका जेवण रांधत होत्या.

"कुठे?"

"जळणात!" तो ओरडला. "चूल विझवा! त्या शेवटच्या खोपटात, मोळीखाली!"

आम्ही धावलो. हवालदाराने हंडाभर पाणी चुलीवर ओतले. एका बाईने मोळी सोडून दोन फाटी बाहेर काढलीही होती. त्यांच्याच खाली तीन कांड्या होत्या, फडक्यात गुंडाळलेल्या.

संध्याकाळी राखणदाराला सोडले. मी माफी मागितली. तो धोतर सावरत उभा राहिला.

"साहेबानु, भोकां पयल्याच दिवशी कित्याक नाय मोजल्यात?"

हिशोब जुळला म्हणून मी कड्यापर्यंत गेलोच नव्हतो. जुळणारे उत्तर आणि खरे उत्तर यांत फरक असतो, हे मला नोकरीत त्या दिवशी कळले. पुढे कोणाचाही जबाब चोख जुळला, की मी त्या माणसाला बाजूला बसवत असे आणि दुसऱ्या कोणाच्या तरी कुलपातली वही मागवत असे.