साखराबाईंची कडू मेंदी

साखराबाईंनी जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर अंबाजोगाईतल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत घर बांधलं. संस्था सहकारी होती, म्हणजे चेअरमन आबासाहेब ठरवायचे आणि सहकार बाकीच्यांनी करायचा.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात बोअर आटले, टँकर सुरू झाला आणि सभेत ठराव आला. साखराबाईंच्या घराभोवतीच्या कडू मेंदीला टँकर घासतो, तेव्हा रविवारी जेसीबीनं ती उपटावी आणि सगळ्यांसारखी भिंत बांधावी. सभा सुरू होण्याआधीच ठराव सर्वानुमते मंजूर झालेला होता. आपल्याकडे वेळ वाचवायची ही जुनी पद्धत आहे.

"माझा विरोध लिवा," साखराबाई उभ्या राहिल्या.

"बाई, सर्वानुमते लिवून झालंय. आता खोडाखोड बरी दिसत न्हाई."

"फांद्या आडव्या येत्यात ना? मी छाटून आत घेते. मुळाला हात लावायचा न्हाई."

"या वयात?" आबासाहेब हसले. "बरं, रविवारी टँकर फांदीला न घासता गेला तर मेंदी तुमची. घासला तर मुळासकट काढू."

सभाही हसली. साखराबाई हसल्या नाहीत. लहानपणी गावच्या विहिरीच्या कठड्याबाहेर त्या आईबरोबर उभ्या राहायच्या, कुणीतरी वरून घागरीत पाणी ओतेल म्हणून. घर बांधताना त्यांनी गवंड्याला बजावलं होतं, भिंत नको. शेळीसुद्धा तोंड लावत नाही अशी मेंदी लावली आणि दुष्काळात ती भांड्यांच्या खरकट्या पाण्यावर जगवली.

संस्थेचा माळी म्हणाला, चेअरमनसाहेबांना विचारून सांगतो. ते सांगणं काही आलं नाही. कातरीनं चार हात मेंदी कापली तोच कोपर सुजलं. मग मेंदीची एक फांदी पर्समध्ये घालून त्या पंडितच्या मशिनरीच्या दुकानात गेल्या.

"मावशी, प्यायला पानी न्हाई अन् तुमी मेंदीचे केस कापताव?"

"तू दुष्काळात दाढी करायचा थांबलास का?"

पंडितनं गालावरून हात फिरवला आणि कुंपण छाटायची पेट्रोलची मशीन काढली. "पावर लई हाय."

साखराबाईंनी ती खांद्याच्या उंचीला धरून ठेवली. थोड्या वेळानं ती खाली टेकवावी लागली. "दुकानात हे हाल, तर घरी काय? दुसरी दाखव."

दुसरी वायरची, हलकी आणि स्वस्त.

"वायर पात्यात आली तर?"

"सगळे जपूनच कापत्यात, मावशी."

"जपून कापणारे लई लोक मी टाके घालून घरी पाठवलेत. अन् लाईट गेली की वाट बघत बसायचं?"

तिसरी बॅटरीची. पर्समधली फांदी त्यांनी पात्याच्या दातांत घालून पाहिली. सहज बसली. पंडित कुरकुरत म्हणाला, "हिचा एक ताप हाय. दोन्ही हातांनी दोन बटनं दाबल्याबिगर चालत न्हाई. लोकं एकाला चिकटपट्टी लावत्यात."

"मग बोटांना काय लावत्यात?"

पंडितनं विषय बदलला. "तुमच्या साहेबांना एकदा आणून दाखवा की."

"साहेब वारले. असते तरी मेंदी मीच कापली असती. हीच बांध."

आठवडाभर गल्लीत मशीन घरघरत होती. बॅटरी संपली की साखराबाई ती चार्जिंगला लावायच्या, चहा प्यायच्या आणि पुन्हा बाहेर यायच्या. बघायला येणाऱ्यांना त्या बाजूला सरका एवढंच म्हणत.

रविवारी पुढे टँकर, मागे जेसीबी आणि मध्ये आबासाहेब. टँकरवाल्या शहादेवनं मान बाहेर काढून गाडी हळूहळू पुढे घेतली. अख्खं कुंपण मागं पडलं, पण पान हललं नाही.

"गेली की, चेअरमनसाहेब!" शहादेव ओरडला.

"आज गेली," आबासाहेब म्हणाले. "पावसाळ्यात फांद्या पुन्हा वाढतील, तवा?"

"पाऊस पडला तर टँकर कशाला लागंल?" साखराबाई म्हणाल्या. "अन् न्हाई पडला तर फांद्या कशा वाढतील?"

 आबासाहेबांनी जेसीबीवाल्याला माघारी जायची खूण केली. साखराबाईंनी मशीन सुरू केली आणि फाटकाकडची राहिलेली बाजू कापायला घेतली.