पुतळ्यातला कापूस

कारखान्यात तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांची ती ‘सुई’. पहिल्याच दिवशी कटिंग मास्तरांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हे नाव ठेवलं, आणि तिने ते बक्षीस मिळाल्यासारखं मिरवलं.

बायकांची जाकिटं आणि पँट्स शिवणारा कारखाना होता तो. दोन रांगांत मशिनं, मधे कापडाचं लांबलचक टेबल, कोपऱ्यात वाफेची इस्त्री. सुईचं काम काजं-बटणांचं आणि हातशिलाईचं. पण तिचा खरा मान वेगळाच होता. नवं डिझाइन निघालं की पहिलं सँपल तिच्या अंगावर चढायचं. ती लाकडी ठोकळ्यावर उभी राहायची, हात वर करायची, वाकायची, खुर्चीत बसून दाखवायची. मास्तर तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरायचे. सगळ्यात लहान माप तिच्यावर बसलं की त्यावरून मोठी मापं काढायची, अशी रीत. रोज तिला उभं करणं परवडेना, म्हणून मास्तरांनी तिच्याच अंगाचा पुतळा करून घेतला. आत लाकडी सांगाडा, त्यावर कापूस, वरून जाड कापडाचं आवरण, पाठीवर शिवण. हुबेहूब सुई, फक्त मुंडकं नाही.

आता माणूस म्हटलं की कधी दोन घास जास्त जातात, कधी कमी. पुतळ्याचं तसं नसतं, तो काही जेवत नाही. तो होता तसाच राहिला, आणि ही खुळी आठ वर्षं त्याच्याशी शर्यत लावून बसली. पहाटे उठून धावायचं, संध्याकाळी इमारतीचे जिने चढायचे-उतरायचे. खाणं म्हणजे सकाळी काळी कॉफी, दुपारी काकडी आणि अर्धं अंडं. हो, अर्धं! उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवशी.

बारा महिने तिला थंडी वाजायची. भर उन्हाळ्यात स्वेटर. केस विंचरले की कंगवा भरायचा. पाळी कधीची थांबली होती, आणि सुईबाईंना ते सोयीचं वाटत होतं. टाचणी लावताना तिचा हात लागला की मास्तर दचकायचे. ‘अगं, बर्फाच्या कारखान्यात पण कामाला जातेस की काय?’ सगळ्या जणी हसायच्या, तीही हसायची, आणि मग हळूच इस्त्रीपाशी जाऊन बोटं शेकायची.

गंमत बघा, शेवटी शेवटी एवढं करूनही कंबर वाढायला लागली. अर्धाच इंच, पण तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने अंडंही सोडलं, धावणं वाढवलं. कंबर हलेना. आणि एक दिवस ठोकळ्यावरून उतरताना तिच्या पायात कट्‌कन आवाज झाला.

डॉक्टरीणबाईंनी पायाचा फोटो बघितला, रक्ताचे रिपोर्ट बघितले, मग बराच वेळ तिच्याकडेच बघितलं.

‘काय खातेस?’

सुईने सांगितलं. ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

‘तुझ्या शरीराला वाटतंय बाहेर दुष्काळ पडलाय. ते बिचारं एकेक दिवा मालवत गेलंय. ऊब बंद, पाळी बंद, हाडांची डागडुजी बंद. कसंबसं हृदय चालवतंय, तेही रडतखडत. जेवढं कमी घालशील तेवढ्यातच भागवायला शिकलंय ते, म्हणून तुझी कंबर हलत नाही.’

‘मग काय करायचं?’

‘जेवायचं. तीन वेळा, पोटभर. धावणं बंद. आणि अंगाला टेप लावायची नाही.’

‘वजन वाढेल?’

‘वाढेल. आधी तर सुजल्यासारखं वाटेल. कुठे थांबायचं ते शरीर ठरवेल, तू नाही. त्याचा तुझ्यावर विश्वास बसायला महिने लागतील, कदाचित वर्ष.’

‘आणि नाही जमलं तर?’

‘आज पायाचं हाड गेलंय. पुढच्या खेपेला खुब्याचं जाईल. वय चौतीस आणि हाडं म्हातारीची. बघ बाई, तुझं तू ठरव.’

सुई घाबरली, पण हाडांच्या नावाने नाही. तिच्या डोळ्यांसमोर आला तो लाकडी ठोकळा, आणि त्यावर उभी असलेली दुसरीच कुणीतरी.

घरी दोघीच, ती आणि आई. आईला तर वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली शिपाईगिरी करायला मोकळं रान मिळालं. ताटात भात, बटाटे, दोन अंडी, वर दुधाचा पेला.

‘बघत काय बसलीस? ते काही तुला खाणार नाही, तुलाच ते खायचंय.’

‘आई, एवढं नाही जाणार.’

‘न जायला काय झालं? आठ वर्षं जागा रिकामीच आहे!’

पहिले काही आठवडे अन्न पोटात दगडासारखं बसून राहायचं. मग भूक आली, आणि आली ती दरोडा घालायलाच. जेवून उठावं आणि तासाभरात हात थरथरावेत. तिला स्वतःचीच भीती वाटायला लागली. हे असंच चालू राहिलं तर? थांबलंच नाही तर? सकाळी उठली की चेहरा सुजलेला, घोटे जड, पँटचं बटण लागेना. टेप लावायची नाही असं कबूल केलं होतं, म्हणून ती अंगठ्याने आणि बोटाने मनगटाला विळखा घालून बघायची. पूर्वी बोट अंगठ्यावरून पुढे जायचं, आता टेकायचं, मग टेकेनासं झालं. तेवढ्यानेही तिचा जीव टांगणीला लागायचा.

आणि मास्तरांनी नव्या जाकिटाचं काम काढलं. मोठं गिऱ्हाईक, मोठी ऑर्डर. आधी पुतळ्यावर कापड टाचून बाह्यांशिवायचं धड बेतायचं, मग तेवढंच सँपल म्हणून सुईच्या अंगावर. सुईचं धाबं दणाणलं. पुतळ्यावर बसलेलं तिच्यावर चढणार नव्हतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

दुपारी सगळ्या डबे खायला गच्चीवर गेल्या की ती मागे राहायची. पुतळ्याची पाठ उसवायची, कमरेशी, छातीशी, काखेखाली कापसाचा एकेक पदर सरकवायचा, आणि पाठ पुन्हा शिवून टाकायची. हातशिलाई तिची! दोऱ्याचा माग काढून दाखवावा कुणी. ती फुगली की पुतळा फुगायचा. आठ वर्षं ती पुतळ्याच्या मागे धावली होती, आता पुतळा तिच्या मागे. सँपल अंगावर चढलं तेव्हा मास्तर म्हणाले, ‘वा! सुई ती सुईच!’ आणि तिला हसायचं की रडायचं तेच कळेना.

पण मास्तरांच्या कामाची एक खोड होती. धड ते दर वेळी पुतळ्यावर नव्याने बेतायचे. बाही मात्र त्यांच्या जुन्या पुठ्ठ्याच्या खाक्यावरून कापायचे. पुतळा बदलत नाही तर बाही कशाला बदलायची? बाही नेहमी मुंढ्यापेक्षा, म्हणजे धडाला ती जिथे जोडतात त्या घेरापेक्षा, नखभर मोठी कापतात, म्हणजे ती खांद्यावर गोल बसते. पुतळ्याच्या काखेखाली कापूस गेला, मुंढा वाढला, आणि बाही राहिली आठ वर्षांपूर्वीची.

सगळा लॉट कापून झाल्यावर पहिल्या मशिनवरची बाई ओरडली, ‘मास्तर, बाही पुरत नाही हो!’

मग दुसरी. मग तिसरी. मास्तरांनी धड उलटंसुलटं करून बघितलं, टेप लावली, पुन्हा लावली. मालकीणबाई केबिनमधून खाली आल्या. मशिनं एकेक करून थांबली, आणि त्या शांततेत मास्तर एवढंसं तोंड करून म्हणाले, ‘माझीच चूक. मुंढा मोठा काढला मी. कसा काढला... डोळे गेले बहुतेक. हातही गेला.’

‘इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही, मास्तर,’ मालकीणबाई म्हणाल्या.

‘आता झालं ना! बाई, उद्यापासून दुसरा माणूस बघा तुम्ही.’

सुई इस्त्रीपाशी उभी होती. ती मूग गिळून घरी आली.

ताट समोर होतं. तिने अन्नाला हात लावला नाही. आई आधी रागावली, मग घाबरली. सुईच्या डोक्यात एकच चक्र. पुन्हा धावायला लागायचं. खाणं बंद. महिन्या-दोन महिन्यांत उतरू. कापूस हळूहळू काढून टाकू, कुणाला पत्ताही लागणार नाही. मास्तर म्हातारे झालेत, आज ना उद्या जाणारच होते. हे शेवटचं वाक्य मनात आलं आणि तिला स्वतःची किळस आली, पण विचार काही जाईना.

पहाटे तिने धावायचे बूट काढले. नाड्या बांधल्या. दाराची कडी काढली. पाठीमागून आईचा आवाज आला.

‘जा. मी नाही अडवणार आता. फक्त एक सांग, पुढच्या वेळी पडशील तेव्हा तुला उचलायचं कुणी? मी तर उचलू शकत नाही.’

सुई उंबरठ्यावरच बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मग बूट काढले. आईने काल रात्रीचा भात गरम करून आणला. तो तिने तिथेच बसून, रडत रडत, सगळा खाल्ला.

कारखान्यात पोचली तेव्हा मास्तर आपली कात्री फडक्यात गुंडाळत होते. ती सरळ पुतळ्यापाशी गेली, सगळ्यांदेखत त्याची पाठ उसवली आणि मूठभर कापूस ओढून टेबलावर ठेवला.

‘मास्तर, तुमचे डोळे शाबूत आहेत. हे मी केलंय.’

मग तिने सगळं सांगून टाकलं. पाय, डॉक्टरीणबाई, जेवण, दुपारी मागे राहणं. मालकीणबाईंचा चेहरा लाल होत गेला. मास्तर मात्र कापसाकडेच बघत होते. त्यांनी तो हातात दाबून बघितला, पुतळ्याला टेप लावली, आणि खाड्‌कन मान वर केली.

‘बाई, थांबा! हा बरोबर एक माप वाढलाय. म्हणजे सगळीच धडं एक माप मोठी झालीत. पुढच्या मापाच्या बाह्या मागच्या धडांना लावा! सगळ्यात मोठ्या मापाच्या बाह्या तेवढ्या नव्या कापू, कापड आहे. लेबलं एक घर सरकवायची, झालं! गिऱ्हाइकाला मी समजावतो.’

मशिनं सुरू झाली. बाह्या बसत गेल्या. उरल्या फक्त सगळ्यात लहान मापाच्या बाह्या. त्यांना लावायला धडच नव्हतं. टेबलाच्या टोकाला त्यांचा ढीग पडून राहिला.

मालकीणबाईंनी तिला कामावरून काढलं नाही, एवढंच. ‘ठोकळ्यावर आता तू नकोस. सोमवारी दुसरी मुलगी येईल,’ त्या म्हणाल्या. ‘आणि त्या पुतळ्याचा सगळा कापूस काढ. होता तसा करून दे मला.’

दुपारी सगळ्या गच्चीवर गेल्या. सुईने कापूस काढायला घेतला. पदरामागून पदर निघत गेला. आवरण तिने ओढून घट्ट बसवलं, टाचलं, आणि मागे सरून बघितलं.

आठ वर्षं ती या पुतळ्याकडे बघत आली होती, पण आज पहिल्यांदा तिला तो दिसला. तिने त्याच्या कमरेला दोन्ही हात लावले. बोटं एकमेकांना जवळजवळ भिडली.

‘बाई गं,’ ती म्हणाली, ‘एवढीशी होते मी?’

मास्तर डबा न खाता टेबलापाशीच बसले होते. ‘आणि मी सुई, सुई म्हणून कौतुक करत होतो,’ ते म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना.

‘मास्तर, सोमवारी येणारी पोरगी याच्याशी शर्यत लावेल.’

‘बाईंनी सांगितलंय होता तसा कर म्हणून.’

‘हो. सांगितलंय.’

तिने टाचण्या काढल्या. पाठ पुन्हा उघडली, आणि टेबलावरचा कापूस उचलून एकेक पदर परत आत घालू लागली. आता मात्र नोकरी नक्की जाणार होती. पण हात थांबले नाहीत. काढलेला सगळा घातला, तरी तिचं समाधान होईना.

‘मास्तर, अजून थोडा कापूस आहे का?’

मास्तर उठले, कपाटातून कापसाचा गठ्ठा काढला, आणि पुतळ्याच्या मागे येऊन उभे राहिले.

‘मी दाबून धरतो, तू शीव. बाईंशी मी बोलेन.’

ती शिवू लागली. शिवता शिवता तिची बोटं त्यांच्या हाताला लागली, आणि जुन्या सवयीने मास्तर दचकले. मग त्यांनी तिचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

‘अगं,’ ते म्हणाले, ‘गरम आहे.’