फुग्याच्या जहाजातले चौसष्ट प्रवासी

गोंदियाच्या दवाखान्यातून मामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या वर्गात टायपिंगची परीक्षा चालू होती. आठ मुली, चाळीस मिनिटं बाकी. मी फोन ठेवला, परीक्षा संपवली, कागद गोळा केले, शटर ओढलं आणि मग गोंदियाची गाडी पकडली. कुणाला हे कोरडं वाटेल. मामांना वाटलं नसतं. सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर काढलेला माणूस तो. सुरू केलेली फेरी आधी पुरी करायची, हा त्यांचा साधा हिशेब.

दामूमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. गोंदिया–देवरी ही त्यांची गाडी. १९९९ मध्ये मी त्याच वाटेवरच्या गोरेगावात कॉम्प्युटर क्लास काढला, तेव्हा पहिलं मशीन गोंदियाहून त्यांनीच आणलं. मॉनिटर दुलईत गुंडाळून कंडक्टरच्या सीटवर ठेवलेला आणि कंडक्टर गोरेगावपर्यंत उभा. “माह्या भाचीचा टीव्ही हाय, हात लावू नोका,” असं वाटेत चढणाऱ्या प्रत्येकाला सांगत ते आले. हा टीव्ही नाही, असं मी सांगितल्यावर म्हणाले, “मंग एवढा जड कायले?”

निवृत्तीनंतर दोन वर्षांत मामी गेल्या आणि मामांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी सायकलसुद्धा बंद केली. मी त्यांना गोरेगावला घेऊन आले. दुपारी एक ते चार माझा क्लास रिकामा असतो. मामा कूलरसमोर बसून खिडकीतून जाणाऱ्या गाड्यांची गिअर बदलायची चूक काढत. एका दुपारी मी जुनं ग्राफिक कार्ड तपासायला एक खेळ टाकला. जग विषारी धुळीत बुडालंय, उरलेली माणसं उंच टेकड्यांवर आणि मनोऱ्यांवर अडकलीत, आणि आपण फुग्याचं एक जहाज घेऊन थांब्याथांब्यावरून त्यांना उचलत पलीकडच्या स्वच्छ पठारावर न्यायचं, असा तो खेळ.

“हे काय चालवून राहिली वं?”

“फुग्याचं जहाज हाय, मामा.”

“असं चालवतेत? सरक.”

पहिला आठवडा जहाज रोज धुळीत पडलं. माऊस त्यांच्या हातात बाटलीच्या झाकणाएवढा दिसायचा. पण त्या खेळात काय चांगलं आहे, हे माझ्याआधी त्यांना कळलं. प्रत्येक वस्तूला वजन होतं. इंधन जास्त घेतलं तर जहाज उठत नसे, कमी घेतलं तर पोचत नसे. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगळ्या दिशेनं वाहत असे. डिझेल वाचवण्यात मुरलेल्या मामांनी योग्य उंचीवर जाऊन इंजिन बंद करायचं आणि वाऱ्यावर सोडून द्यायचं, हे चौथ्या दिवशी शोधलं. “ज्यानं बनवला त्यानं गाडी चालवली हाय,” असं त्यांनी प्रमाणपत्र दिलं.

दोषही तेच काढत. वाटेत बिघाड झाला तर दुरुस्ती नाही, पुढचा थांबा येईपर्यंत हात बांधून बसायचं. प्रवासी पोत्यासारखे गप्प. “एकबी मानूस भांडत नाही. अशी गाडी मी जन्मात नाही पाह्यली. अन् कंडक्टर कुठं हाय? डबल बेल कोन देईन?” मग डबल बेल मीच देऊ लागले, टेबलावर पेन आपटून. सर्वांत मोठा दोष असा की खेळ फक्त थांब्यावर पोचल्यावर सेव्ह होई. मध्येच वीज गेली की दोन तासांची मेहनत पाण्यात. तसं दोनदा झालं. मामा मागच्या थांब्यापासून पुन्हा निघाले. मी यूपीएसची बॅटरी बदलून आणली.

खरी अडचण शेवटच्या मनोऱ्यावर होती. वाटेत एकूण चौसष्ट माणसं, जहाजात पलंग बावन्न. बारा जणांना मागे ठेवावंच लागतं. इंटरनेटवर खेळाडूंच्या पानावर सगळे तसंच सांगत होते, आणि हाच या खेळाचा मोठेपणा म्हणत होते. मी मामांना वाचून दाखवलं. ते भडकले. “लोक सोडाले सांगते तो कोनता खेळ!” मग स्क्रीनकडेच बघत त्यांनी मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. एका संध्याकाळी गाडी खचाखच भरलेली म्हणून ते एका फाट्यावर थांबले नव्हते. शेवटची गाडी होती. माणसं जंगलातून चालत घरी गेली, कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच फाट्यावर एक म्हातारी चढली आणि एवढंच म्हणाली, “काल आमी दिसलो नाही का रे, बाबू?”

त्याच महिन्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन ‘महिने’ हा शब्द वापरला. मामांनी माझं तोंड पाहूनच ओळखलं. “मले मालूम हाय. चौसष्ट पोचवू दे, मंग पाहू.”

वजन कमी करायला आधी त्यांनी जहाजावरच्या तोफा काढून टाकल्या, मग लोखंडी पत्रे. तरी बारा उरतच. एका दुपारी जेवता जेवता ते थांबले. “मले सांग, या खेळात पलंग काढता येते का?”

“येतात. पण लोक झोपतील कुठं?”

“झोपाले कोनी सांगतलं? शेवटचा टप्पा अर्ध्या तासाचा हाय. उभ्यानं जातीन. गोंदिया–देवरी उभ्यानं जातेत लोक, लेकरं घेऊन!”

मी चाट पडले. पलंग म्हणजे जागा, हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. खेळात तसा नियमच नव्हता. नियम होता तो वजनाचा, आणि बावन्न पलंगांचं वजन बारा माणसांपेक्षा कितीतरी जास्त. पलंग गेले, बारा जण आले, मी पेन दोनदा आपटलं. जहाज उठलं. प्रवाशांच्या थकव्याची पट्टी लाल होत गेली, टाकीचा काटा खाली आला. मामांनी वर जाऊन वारा धरला, इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवले… पठारावर जहाज टेकलं तेव्हा आकडा चौसष्ट होता. मी टेबलावर अशी थाप मारली की कीबोर्ड खाली पडला. मामा स्क्रीनला म्हणाले, “उतरा बाबांनो, सावकाश.” चारच्या बॅचला त्या दिवशी स्टँडवरचे समोसे मिळाले.

मी त्या पानावर मोडक्या इंग्रजीत लिहिलं, पलंग काढा, माणसं उभी न्या. दोघांनी मला खोटं ठरवलं. तिसऱ्यानं करून पाहिलं आणि चौसष्टच्या आकड्याचा फोटो टाकला. मामांनी तो नीट पाहिला आणि विचारलं, “कोनत्या डेपोचा हाय हा?”

त्यानंतर पाच आठवडे मामा होते. रोज दुपारी मशीन लावत. मला वाटे, तोच खेळ पुन्हा जिंकताहेत. सुट्टीत मी सगळी मशीनं फॉरमॅट करते. परवा त्यांच्या मशीनवर आले तेव्हा आधी खेळ उघडून पाहिला. पठारावर संपलेला खेळ रिकामं जहाज घेऊन पुढे चालू ठेवता येत होता, हे मला माहीतच नव्हतं. मामा एकेक थांबा घेत पार उलटे गेले होते, कुणी राहिलंय का बघत. कुणी राहिलं नव्हतं. जहाज आता पहिल्या थांब्यावर उभं आहे. टाकी भरलेली. आणि मुक्कामाची गाडी ड्रायव्हर लावतो तसं, सकाळी निघायला सोपं जावं म्हणून तोंड वाटेकडे करून.

ते मशीन सोडून बाकीची सात मी फॉरमॅट केली.