बाबाचं कॉमेंट्रीचं इंग्रजी

बाबा जांभूळ गावचा, शाळा सातवीपर्यंत. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्याने हेल्परची नोकरी केली. इंग्रजी मात्र बोलायचा, आणि ते त्याला क्रिकेटने शिकवलं. मॅचची हिंदी कॉमेंट्री लागली की तो चॅनल बदलायचा. गावाकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा असल्या की माइक त्याच्याच हातात. लाउडस्पीकरवरून आगरी, हिंदी, इंग्रजी सगळं एका दमात. शेवटची जोडी खेळायला आली, सामना हातचा गेला, की तो म्हणायचा, ‘इट्स ओन्ली अ मॅटर ऑफ टाइम!’ आणि मांडवातली माणसं शिट्ट्या मारायची.

मला लाज वाटायची. मी उल्हासनगरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. ‘बाबा, हे इंग्रजी नाही, तमाशा आहे,’ असं मी त्याला एकदा चारचौघांत सुनावलं. तो नुसता हसला. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मागच्या वर्षी त्याच्या पोटाचं दुखणं निघालं. पेशंटला वाईट बातमी सांगायची नाही, ही आमच्याकडची रीत. आईला तर नाहीच नाही, ती हाय खाईल. म्हणून रिपोर्ट घेऊन उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या डॉक्टरांकडे जाण्याआधी मी त्यांना फोन केला, ‘आईबाबांसमोर इंग्रजीतच बोला, त्यांना कळत नाही.’ डॉक्टरांनी माझं ऐकलं. बाबाच्या खांद्यावर हात ठेवून, माझ्याकडे बघत ते शांतपणे म्हणाले, ‘इट्स ओन्ली अ मॅटर ऑफ टाइम.’

बाबाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. परतताना शेअर रिक्षात आईने विचारलं, ‘काय बोलला डॉक्टर?’

‘गोळ्या दिल्यात. बरं वाटेल.’

बाबा रस्त्याकडे बघत होता. मान न वळवता तो मला म्हणाला, ‘डोन्ट टेल हर.’

त्या दिवसापासून आईसमोर आम्ही इंग्रजीत बोलायला लागलो. कुठे दुखतं, रक्त पडलं का, जमिनीचे कागद कोणत्या पेटीत आहेत, सगळं तो त्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगायचा. मरणाची भीती वाटते, हेसुद्धा. आई तिथेच भाकऱ्या थापत असायची. ‘बापलेकीचं क्रिकेट चाललंय,’ असं ती शेजारणीला कौतुकाने सांगायची. मला ते सोयीचं वाटलं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला, की बाबा मन मोकळं करतो ते माझ्यापाशी. आईशी तो फक्त पाणी दे, उशी सरकव, एवढंच बोलायचा.

दोन महिन्यांत तो गेला. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा आई भांडी आवरत होती. मी मदतीला बसले आणि धीर करून म्हटलं, ‘आई, तुला एक सांगायचंय. आम्ही जे बोलायचो ना...’

‘ठाऊक आहे,’ ती म्हणाली. ‘टीव्ही तर गणपतीपासून बंद पडलाय. क्रिकेट कुठलं बघणार तुम्ही?’

मग तू विचारलं का नाहीस, असं मी विचारलं. तिने हातातलं पातेलं पुसून पालथं घातलं.

‘बायको आहे मी त्याची. तो आपण होऊन सांगेल, म्हणून थांबले होते.’