अख्खा हात

खरात सरांनी विनोद केला आणि समोरच्याने टाळी दिली नाही, की संपलं. हात तसाच पुढे धरून बसायचे. तुम्ही चहा प्या, पेपर वाचा, खोकल्याचं सोंग करा, तो तळहात काही तुमच्या पुढ्यातून हलायचा नाही. मी वाटूरच्या शाळेत रुजू झालो, त्याच दिवशी त्यांनी मला हेडमास्तरांवरचा एक विनोद ऐकवला. विनोद भिकार होता. मी आपली लाजतलाजत दोन बोटं टेकवली.

"बोटं न्हाई, शिंदे सर. अख्खा हात!"

गणिताचा माणूस. गणित पक्कं, विनोद कच्चे. मी हे त्यांच्या तोंडावर म्हणायचो, आणि त्यावरही ते टाळी मागायचे. एकदा वैतागून विचारलं, "अहो, ही काय खोड लावून घेतलीत?"

ते हसले नाहीत. "माझा आज्या पाणी मागायचा तवा ओंजळ धरायचा. लोक वरून धार सोडायचे. शिवायचं न्हाई म्हणून. हाटेलात त्याचा कपबी येगळा. मला वरून काहीच नको, सर. बराबर हातावर हात पाह्यजे." आणि लगेच दुसरा फालतू विनोद सुरू.

गावात त्यांनी एकूणएक माणसाकडून टाळी वसूल केली होती. राहिले फक्त दाजीबा पाटील. शाळेच्या समितीवर होते, शेती मोठी. माणूस दुष्ट नव्हता. सरांच्या विनोदांना पोट धरून हसायचे, पण हात पाठीमागे बांधलेले. सर म्हणायचे, "घेतल्याबिगर सोडत न्हाई, दाजीबा!" दाजीबा हसत निघून जायचे.

त्या उन्हाळ्यात सरांना ताप भरला. मानेवर, तोंडावर, हातांवर लालभडक, सुजलेले चट्टे उठले. बोट लागलं तरी कळ जायची. डोळे लाल, सांधे धरलेले. शेजारणी म्हणाल्या, देवी आल्या, निंबाचा पाला अंथरा. मंठ्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, तर जिथे सुई टोचली तिथेच नवा चट्टा. मग कुणीतरी हळूच 'महारोग' म्हणालं, आणि गावाला तेवढंच पुरलं.

ताप जरा उतरला तेव्हा सर माझ्यासोबत फाट्यावरच्या हॉटेलात आले. मला काचेच्या ग्लासात चहा आला. त्यांना कान तुटलेल्या कपात. सरांनी तो कप फिरवून फिरवून पाहिला.

"आज्याचा कप परत आला म्हणायचा," ते म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले. मी हॉटेलवाल्याला नाही नाही ते बोललो. काय उपयोग! त्या दिवसापासून सरांनी हात पुढे करणं सोडलं. मला तो माणूस बघवेना.

मीच त्यांना औरंगाबादला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. पुढच्या खेपेला म्हणाले, "महारोग बिलकुल नाही. हा पसरत नाही. क्वचित दिसणारा आजार आहे, स्वीट सिंड्रोम."

"नाव मिठाईचं अन् चव बघा!" सर म्हणाले, आणि इतक्या दिवसांनी त्यांचा सुजलेला हात आपोआप पुढे गेला. डॉक्टरांनी जपून, पण पुरा तळवा टेकवून टाळी दिली. सर तिथेच लहान मुलासारखे रडले.

गोळ्यांनी जादू केली. दोन-तीन दिवसांत ताप गेला, चट्टे विरले. गावाचे हातही परत आले. हॉटेलवाला तर स्वतःहून टाळी द्यायला धावला. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, की हा आजार कधीकधी एकटा येत नाही, आत दुसरं काही दडलेलं असतं, रक्त तपासा. तपासलं. रक्ताचा कॅन्सर निघाला.

"गावात सांगू नका," सर मला म्हणाले. "आत्ता कुठं हात परत आल्ते."

पण मुंबईची उपचारवारी लपते थोडीच! काही महिन्यांनी परतले तेव्हा अंगावर केस नव्हते, मांस नव्हतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपत आलेल्या. डॉक्टरांची सक्त ताकीद होती, की कुणी जवळ यायचं नाही, कुणी हात लावायचा नाही, साधी सर्दीसुद्धा जीव घेईल. दारात माणसं यायची, हात पुढे करायची, आणि सरांच्या पत्नी, शोभावहिनी, त्यांना उंबऱ्यावरच थांबवायच्या. "घ्या," सर मला खिडकीतून म्हणाले, "आता मीच शिवून घेत न्हाई."

सर जायच्या आठवडाभर आधी दाजीबा आले. उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी पाठीमागचा हात सोडला. "मास्तर, टाळी द्यायला आल्तो."

वहिनींनी सरांकडे पाहिलं. सरांनी 'येऊ दे' अशी मान हलवली.

"डाक्टरांनी शिवायचं न्हाई सांगितलंय, पाटील," वहिनी म्हणाल्या. "हात द्यायचाच असंल, तर आधी साबणानं धुवा."

दाजीबा अंगणात उकिडवे बसले. हातांना साबण चोळला आणि ओंजळ पुढे धरली. वहिनींनी तांब्यातून वरून धार सोडली. मी खिडकीपाशी उभा होतो. आत सर उशीवरून मान उचलून ती धार पाहत होते.

ओल्या हातांनी दाजीबा खाटेजवळ गेले. "इनोद सांगा, मास्तर."

"न्हाई सुचून राह्यला, दाजीबा."

"मंग बिनइनोदाचीच घ्या."

सरांनी तळहात वर केला. दाजीबांनी त्यावर आपला ठेवला. आवाज झालाच नाही. वहिनी "बस, पाटील, बस" म्हणत राहिल्या, पण दाजीबांनी हात काढला नाही, आणि सरांनीही सोडला नाही. बोटं नव्हेत, अख्खा हात.